दोन नळ्या, एक दस्ता आणि ओट्यावर राहिलेली चावी

गेल्या काही महिन्यांत चार जणांनी तरी मेसेज करून विचारलंय की तू ती नळी बदलता येणारी रायफल, ब्लाझर आर८, घेतलीस म्हणे, कशी आहे, घ्यावी का. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतो. यातले दोघे जर्मनीतच आहेत आणि शिकारीच्या परवान्याचा अभ्यास करतायत, तिसरा टेक्सासमध्ये असतो, आणि चौथा पुण्यात, त्याला काहीच घ्यायचं नाहीये, नुसत्या चौकशा.

पुण्यातल्या लोकांसाठी आधीच सांगतो, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि मी लिहितोय ते सगळं इथलं, जर्मनीतलं, परवाना काढून केलेलं. मी मूळचा सिंधुदुर्गातला, स्टुटगार्टच्या जवळ नोकरी करतो. आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागले की परत आणायची, आणि नेमकी त्याच दिवसांत डुकरं भातात शिरायची. इथेही डुकरंच आहेत, फक्त भाताच्या जागी मका, आणि नुकसानभरपाई बहुतेक वेळा ज्याने ते रान शिकारीसाठी भाड्याने घेतलंय त्याच्या खिशातून जाते. म्हणून आमचे म्हातारबाबा (ज्यांच्या रानात मी जातो ते, वय ७४, नाव लिहीत नाही, त्यांना इंटरनेटचा राग आहे) मका तुऱ्यावर आला की रात्री झोपत नाहीत.

तर रायफल. इथे साधारण दोन प्रकारची शिकार असते. एक म्हणजे मचाणावर बसून, संध्याकाळी उजेड जाता जाता रे येतं का बघायचं. रे म्हणजे आपल्या भेकराएवढं हरीण, वीस-पंचवीस किलोचं. दुसरी म्हणजे हिवाळ्यातला हाका, हाक्ये आणि कुत्री रान उठवतात आणि डुक्कर तुमच्या समोरून तीस-चाळीस मीटरवरून धावत जातं. पहिल्यात मोठ्या काचेचा, जास्त झूमचा स्कोप लागतो आणि बंदूक टेकवून निवांत एक गोळी. दुसऱ्यात छोटा स्कोप, लाल ठिपका, दोन्ही डोळे उघडे आणि झटपट. कायदा पण दोघांना वेगवेगळा लागतो, रे साठी १०० मीटरवर गोळीत कमीत कमी १००० जूल ताकद उरायला हवी, आणि डुक्कर किंवा मोठं हरीण असेल तर कॅलिबर (गोळीची जाडी) ६.५ मिलिमीटर किंवा त्याच्या वर आणि ताकद २००० जूल. आता एका .३०८ कॅलिबरमध्ये हे सगळं बसतं, खोटं कशाला बोलू. .३०८ ची एक साधी बोल्ट रायफल (बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) घेतली असती तरी कुणी मला हाक्यातून हाकलून दिलं नसतं.

मग मला दोन नळ्या का हव्या झाल्या? खरं उत्तर: घर. आमचा फ्लॅट ६२ चौरस मीटरचा, बायको आणि दोन पोरं, आणि बंदुकीची तिजोरी पाहिजे ती युरोपियन मानकाच्या ग्रेड शून्यची, म्हणजे एका माणसाला हलवता न येणारं लोखंड. ती आम्ही बसवली शू-रॅकच्या जागी. उभ्या तीन रायफली ठेवायची तिजोरी त्या कोपऱ्यात मावतच नव्हती. कायद्याने इथे शिकारी माणसाला लांब बंदुका किती घ्यायच्या याला आकड्याची मर्यादा नाही, मर्यादा शू-रॅकची. दुसरं म्हणजे माझ्याकडे गाडी नाही. म्हणजे आहे, पण शनिवारी ती पोरांच्या क्लासला जाते, आणि मी एस-बानने जातो. ११० सेंटिमीटरची रायफलची बॅग घेऊन सकाळी सहाच्या लोकलमध्ये चढलात तर सगळा डबा तुमच्याकडे बघतो, आणि माझ्या रंगाच्या माणसाकडे अंमळ जास्तच. नळी वेगळी केली की सगळा संसार पाऊण मीटरच्या कुलूपवाल्या पिशवीत बसतो आणि लोकांना वाटतं बॅडमिंटनला चाललाय.

ही कल्पना काही नवीन नाहीये. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत विंचेस्टर आणि सॅव्हेज यांच्या दोन तुकडे होणाऱ्या रायफली निघत होत्या, रेल्वेने जाणाऱ्या लोकांना सोयीच्या. आणि इथल्या म्हाताऱ्या शिकाऱ्यांची तीननळी असते, ड्रिलिंग, दोन नळ्या छऱ्यांच्या आणि खाली एक रायफलची. म्हातारबाबांकडे ती आहे, त्यांच्या वडिलांची, मोडली, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडली, की मांडीवर दोन तुकडे. त्यांना मी उत्साहाने विचारलं की तुम्ही काय सुचवाल तर म्हणाले, "माझ्या एकाच बंदुकीला तीन नळ्या आहेत आणि त्यातली एकही काढून घरी ठेवावी लागत नाही." विषय संपला.

आता निवड कशी केली ते. दुकानात गेलात की सगळे कॅलिबरची यादी पुढे करतात, बघा साहेब .२२३ पासून हत्ती मारायच्या गोळीपर्यंत सगळ्या नळ्या मिळतात. ती यादी बाजूला ठेवा. मला तीन महिने डोकं खाजवल्यावर कळलं की मुद्दे दोनच आहेत, बोल्ट कुठे अडकतो आणि स्कोप कुठे बसतो.

साध्या रायफलची नळी मागच्या लोखंडी घरात, म्हणजे रिसीव्हरमध्ये, आटे पाडून घट्ट बसवलेली असते आणि काडतुसाच्या बुडामागे किती जागा राहते ते बंदूकवाला कारागीर मोजून ठरवतो. ती जागा जास्त झाली तर काडतूस फाटू शकतं, कमी झाली तर बोल्ट बंदच होत नाही. मग नळी रोज काढायची-घालायची म्हटलं तर हे माप कसं टिकणार? नव्या जर्मन रायफलींनी यावर सरळ उपाय काढला, बोल्ट रिसीव्हरमध्ये अडकवायचाच नाही, नळीच्याच मागच्या टोकात अडकवायचा. ब्लाझर आर८ मध्ये बोल्टच्या डोक्याभोवती कमळाच्या पाकळ्यांसारखी कडी असते, बोल्ट पुढे ढकलला की त्या पाकळ्या चहूबाजूंनी फुलून नळीच्या आतल्या खाचेत बसतात. धक्का सगळा बोल्ट आणि नळी आपसात वाटून घेतात. त्यामुळे नळी बदलली तरी ते माप नळीबरोबरच येतं. दुकानदाराने बोल्ट हातात देऊन पाकळ्या फुलवून दाखवल्या तेव्हा मी तो चार-पाच वेळा खटखट केला, इंजिनियर माणूस, मोह आवरला नाही.

दुसरा मुद्दा स्कोपचा, आणि माझ्या मते हाच मोठा. मेर्केल हेलिक्स मला फार आवडली होती, कारण तिची नळी काढायला चावीच लागत नाही, हाताने खटका दाबला की नळी निघते. पण तिचा स्कोप रिसीव्हरवर बसतो. झाउअर ४०४ चं पण तसंच, स्कोप रिसीव्हरवर. म्हणजे नळी बदलली की स्कोप तोच, आणि नवी नळी, नवी गोळी, निशाणा वेगळीकडे. मग एकतर दुसरा स्कोप ठेवा नाहीतर दर वेळी रेंजवर जाऊन झिरो करा, म्हणजे स्कोप आणि गोळी जुळवून घ्या, आणि रेंज माझ्या घरापासून ४० मिनिटं. ब्लाझरमध्ये स्कोपचं खोगीर, म्हणजे त्याला धरणारी बैठक, थेट नळीवर बसतं. नळी आणि स्कोप हे नवरा-बायको, घर बदललं तरी जोडी तीच. प्रत्येक नळीला आपला स्कोप लावून ठेवायचा, आणि मग निशाण्याच्या दृष्टीने दस्ता नुसता धरायला.

ट्रॅव्हलसाठीच हवी असेल, एकाच नळीची पण दोन तुकडे होणारी, तर हेलिक्स बघाच. नळी त्याच जागी परत बसते, स्कोप रिसीव्हरवर असला म्हणून काही बिघडत नाही. किंवा मग एकच काडतूस मावणारी मोडती रायफल, ब्लाझर के९५ किंवा मेर्केल के३, हलकी फुलासारखी, डोंगरात चढायला मस्त. हाक्यात मात्र एका गोळीचं माणूस म्हणजे नुसता प्रेक्षक.

टेक्सासवाल्याला हे सगळं हास्यास्पद वाटतं कारण त्याच्याकडे थॉम्पसन सेंटरची एन्कोर आहे, मोडती, एक पिन काढली की नळी बाहेर, स्कोप तिथेही नळीवरच. आणि तिकडे केंद्राच्या कायद्यात बंदूक म्हणजे रिसीव्हर, नळी हा नुसता सुटा भाग, त्यामुळे त्याची नळी कुरियरने दारात येऊन पडते. इथे नळी म्हणजे बंदुकीचा मुख्य भाग, स्वतःचा नंबर असलेला. घेतली की दोन आठवड्यांच्या आत ऑफिसात जाऊन बंदुकीच्या कार्डावर चढवायची, आणि ठेवायची तीही तिजोरीतच. हे लक्षात न घेता एकजण सुटी नळी माळ्यावर ठेवून मोकळा झाला होता, नशिबाने तपासणीच्या आधी कुणीतरी टोकलं.

आणि मी डावखुरा. लहानपणी जेवताना आजीने हातावर चमचा मारून मारून उजवा केला, पण बंदूक खांद्याला लावायची वेळ आली तेव्हा डावाच खांदा पुढे आला. त्यामुळे अर्धी दुकानं आपोआप बाद. जुन्या बाजारात माउझर एम०३ बघितली होती, भक्कम, किंमतही बरी, पण डाव्या हाताची मिळेना. आर८ डावी मिळते, आणि मुख्य म्हणजे नळ्या डाव्या-उजव्या दोन्हीला त्याच चालतात, बोल्टचं डोकं मात्र वेगळं. हे मला माहीत नव्हतं तेव्हा एका विक्रेत्याकडून वापरलेलं डोकं स्वस्तात घेतलं, त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही, घरी येऊन बघतो तर उजव्याचं. परत घ्यायला तयार नाही. ते आता पेपरवेट आहे.

तसंही ते डोकं मला लागणारच नव्हतं, ही अक्कल पण नंतर आली. .३०८, .३०-०६, ८×५७, ९.३×६२ ही सगळी मंडळी बुडाला सारखीच, साधारण १२ मिलिमीटर. त्यातल्या त्यात नळ्या घेतल्या तर बोल्टचं डोकं तेच. .२२३ घेतली की बूड बारीक, .३०० विन मॅग घेतली की जाड, मग डोकं वेगळं, मॅगझिनचा आतला भाग वेगळा, आणि प्रत्येक गोष्टीला पैसे. म्हणून एकाच घराण्यात लग्न करा.

मी घेतलं .३०८, ५२ सेंटिमीटरची नळी, पुढे सायलेन्सर (शिकाऱ्यांना तो इथे चालतो, कुत्र्यांचे आणि आपले कान वाचतात), मोठा स्कोप. आणि दुसरी ९.३×६२, छोटा स्कोप. हे ९.३×६२ म्हणजे बर्लिनच्या ओट्टो बॉक नावाच्या बंदूकवाल्याने १९०५ मध्ये काढलेलं काडतूस, आफ्रिकेतल्या जर्मन शेतकऱ्यांसाठी, आणि सव्वाशे वर्षं होत आली तरी हाक्याला लोक तेच आणतात. गरज होती का? नव्हती. आवडलं.

पण या जोडीत एक धोका आहे तो नीट सांगतो. .३०८ चं काडतूस आखूड आणि त्याची गोळी बारीक, ते ९.३ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) आत जाऊ शकतं. जायला नको तिथे जाणारं काडतूस हा नळी बदलणाऱ्या माणसाचा खरा शत्रू. एक बंदूक, दोन नळ्या, खिशात दोन्हीची काडतुसं, सकाळी पाचला अंधार, विचार करा. म्हणून माझा नियम, तिजोरीतून एका वेळी एकाच नळीची काडतुसं बाहेर, .३०८ च्या पाकिटाला आणि नळीला हिरवी टेप, ९.३ ला लाल. पोरीच्या क्राफ्टच्या डब्यातली टेप आहे, चमकीवाली. म्हातारबाबा बघून काही बोलले नाहीत, नुसतं भुवई वर.

पैशाचं बोलू. जास्तीची नळी आणि तिच्या स्कोपचं खोगीर, यांचा खर्च हजार युरोच्या बराच वर जातो, तेवढ्यात टिक्काची आख्खी नवी रायफल येण्यासारखी आहे, चांगली, अचूक. त्यात स्कोप दोन्हीकडे वेगळा घ्यावाच लागतो. त्यामुळे "एका बंदुकीत दोन, म्हणजे स्वस्त" हा हिशोब कुणी सांगितला तर हसा आणि चहा घ्या. तिजोरीत जागा असेल आणि गाडी असेल तर दोन साध्या रायफली घ्या, खरंच सांगतो.

मग मला मिळालं काय? जे मी घेताना धरलंच नव्हतं ते. चाप एकच. दस्ता एकच. आर८ ला अंगठ्याने पुढे ढकलायचा खटका असतो, तो ढकलल्यावरच आतली स्प्रिंग ताणली जाते, मागे घेतला की बंदूक नुसती काठी. तो खटका, तो गाल टेकवायचा लाकडाचा भाग, ते बोल्टचं अंतर, दोन्ही शिकारींत अगदी तेच. थंडीने बोटं आखडलेली असताना, अंधार पडत असताना, हात आपोआप जागेवर जातात. दोन वेगळ्या बंदुका असत्या तर माझ्यासारखा वर्षातून पंधरा-वीस वेळा रानात जाणारा माणूस नक्की कधीतरी चुकीच्या जागी सेफ्टी शोधत बसला असता. आणि नळी मी वर्षात किती वेळा बदलतो? मोजलं, चार वेळा. नोव्हेंबरात ९.३ चढते, जानेवारीत उतरते, मध्ये एखाद्या वेळी परत. बाकी वेळ सुटी केली जाते ती प्रवासासाठी आणि सफाईसाठी.

निशाणा टिकतो का हा सगळ्यांचा प्रश्न. घेतल्यावर पहिल्याच महिन्यात रेंजवर १०० मीटरला तीन गोळ्या मारल्या, नळी काढली, बाकावर ठेवली, परत लावली, परत तीन. सहाही भोकं चहाच्या कपाच्या तोंडाखाली झाकली गेली. खूश. पुढच्या महिन्यात तेच करायला गेलो तर पहिली गोळी पंधरा सेंटिमीटर खाली उजवीकडे. दुसरी पण तिथेच. घाम फुटला, वाटलं स्कोप गेला, मग शेजारच्या बाकावरच्या बाईंनी सांगितलं की सगळं सोडवून आधी पुसून बघ. नळी जिथे बसते त्या खाचेत देवदाराची एक सुई, आणि तिला चिकटलेली चिमूटभर माती. नखाएवढी पण नाही. पुसली, दोन्ही स्क्रू शेवटपर्यंत आवळले, गोळी परत जागेवर. तेव्हापासून बनियनचा एक जुना तुकडा पिशवीत कायम असतो. आणि गोळ्यांचा ब्रँड बदलला की परत झिरो करावंच लागतं, आमच्या राज्यात हरीण-डुकरांसाठी शिशाची गोळी चालत नाही, तांब्याच्या वापरतो, आणि तांब्याच्या बाबतीत प्रत्येक नळीची आवड वेगळी. .३०८ ला जी चालली ती शोधायला चार पाकिटं गेली.

आता ती चावीची गोष्ट, जिच्यासाठी बायको अजून चिडवते. आर८ ची नळी दस्त्याच्या खालून दोन स्क्रूंनी धरलेली असते, ते स्क्रू पडत नाहीत, दस्त्यातच राहतात, पण फिरवायला षटकोनी चावी लागते. माझा पहिला मोठा हाका, श्वेबिश आल्बच्या डोंगरात, सकाळी साडेआठला शेकोटीभोवती तीसेक माणसं, नारिंगी जाकिटं, सूचना चालू. मी कोपऱ्यात पिशवी उघडून दस्ता काढला, नळी काढली, चावीचा कप्पा उघडला तर रिकामा. आदल्या रात्री साफसफाई केली होती, चावी किचनच्या ओट्यावर, पोहे भिजवलेल्या वाडग्याच्या शेजारी. दोन हातांत बंदुकीचे दोन तुकडे घेऊन उभा राहिलेला एकुलता एक भारतीय. म्हातारबाबांनी लांबूनच बघितलं, त्यांना काय झालं ते लगेच कळलं, आणि ते मोठ्याने ओरडले, "ब्लाझरची चावी कुणाकडे आहे?" सहा हात वर. सहा! कुणाच्या गाडीच्या किल्लीला, कुणाच्या चाकूच्या म्यानात. सगळेच कधी ना कधी विसरलेले असणार. रायफल निवडताना आजूबाजूच्या लोकांकडे काय आहे ते बघा हा सल्ला कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसतो. झाउअर ४०४ वाल्यांनी चावी पट्ट्याच्या पुढच्या कडीतच बसवून दिलीये, तेव्हा मला ती नुसती गंमत वाटली होती.

त्या दिवशी माझ्या जागेसमोरून सकाळपासून दुपारपर्यंत एक कोल्हा गेला, तोही माझ्याकडे बघत, सावकाश. बोल्टला हात लागला नाही. संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, "आजोबांच्या बंदुकीला चावी लागायची नाही हो." मी म्हटलं आई, त्या बंदुकीत दारू ठासेपर्यंत डुक्कर भात खाऊन, पाणी पिऊन घरी जायचं. त्यावर ती म्हणाली, तुझ्याकडे तरी कुठे आलं.

चावी आता करगोट्याच्या काळ्या दोऱ्याने पिशवीच्या आतल्या कडीला बांधून टाकलीये. दुसरी एक म्हातारबाबांच्या हॅटच्या पट्टीत खोचलेली असते. ते ब्लाझर वापरत नाहीत.